आकडा फायनल झाला की

मुलुंड पूर्वेला राहणारे आमचे साडू पस्तिशीपासून निवृत्त होत आहेत. सध्या वय बावन्न. पहिला बेत पंचेचाळिशीत थांबायचा होता. पंचेचाळीस आलं तेव्हा पन्नास ठरलं, पन्नास आलं तेव्हा लेकीची इंजिनिअरिंगची फी आली, आणि आता गाडी 'तिचं एकदा मार्गी लागलं की' या स्टेशनात उभी आहे. तारीख पुढे सरकली की साडू त्याला 'रिव्ह्यू' म्हणतात. मध्य रेल्वे त्यालाच 'प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी' म्हणते.

साडू एकटे नाहीत. आमच्या बोरिवलीत, घाटकोपरला पंतनगरात, अंधेरीला चार बंगल्यापर्यंत, पन्नाशीच्या आसपासचं जे मराठी जोडपं भेटेल ते या उद्योगात असतं. वडिलांच्या पिढीला निवृत्त व्हायला काही करावं लागत नसे. अठ्ठावन्न भरली की ऑफिसच हार घालून, भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवत असे आणि मागोमाग पेन्शन येत असे. आता राज्य सरकारच्या नोकरीतसुद्धा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले होते. खाजगी नोकरीवाल्यांना प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन असते, १९९५ च्या योजनेतली. तिचं गणित पंधरा हजारांच्या पगारमर्यादेवर चालतं, त्यामुळे तीस वर्षं घासूनही बहुतेकांच्या हाती महिना सहा-सात हजार. साडूंच्या सोसायटीचं मेंटेनन्स साडेसहा हजार आहे. "म्हणजे पेन्शन इमारतीला," असं ताई म्हणतात. ताई म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघत असत. हे लक्षात ठेवा.

या खटाटोपाचं सगळं दैवत म्हणजे आकडा. किती जमले की थांबायचं, तो आकडा. साडूंचा पहिला आकडा एक कोटी होता. २००७ साली म्युच्युअल फंडाचा एक एजंट घरी येऊन चहा पिऊन, 'पंधरा-पंधरा-पंधरा'चा मंत्र देऊन गेला : महिना पंधरा हजार, पंधरा वर्षं, पंधरा टक्के, आणि एक कोटी तुमचे. गणित बरोबर होतं. साडूंनी एसआयपी चालू केली. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर गेला, साडूंनी रकमेत पाच हजारांची भर घातली. ऑक्टोबरात तो नऊ हजारांच्याही खाली आला, साडूंनी एसआयपी बंद केली. २०१० मध्ये तो पुन्हा वीस हजारांवर गेल्यावर त्यांना विश्वास वाटला आणि ती चालू झाली. महाग झालं की घ्यायचं आणि स्वस्त झालं की पिशवी झटकून घरी यायचं, हे धोरण याच माणसाने मुलुंडच्या भाजीबाजारात एक दिवससुद्धा चालवलं नसतं. तिथे ते मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी दोन गल्ल्या फिरतात.

मग आयुष्यात विल्यम बेंगेन आला. हा कॅलिफोर्नियातला सल्लागार. याने १९९४ साली जुने आकडे तपासून असं मांडलं, की पहिल्या वर्षी साठवलेल्या रकमेतले चार टक्के काढा, पुढे महागाईइतके वाढवत न्या, पैसे तीस वर्षं तरी पुरतात. उलट करून सांगायचं तर वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा आणि थांबा. साडूंनी महिन्याचा खर्च ऐंशी हजार धरला. वर्षाचे नऊ लाख साठ हजार, गुणिले पंचवीस, दोन कोटी चाळीस लाख. संध्याकाळी ताई घरी आल्या. मुलुंडहून घाटकोपर लोकलने, पुढे मेट्रोने अंधेरी, आणि परत तसंच. घाटकोपरच्या पुलावरची गर्दी अंगावर घेऊन आलेल्या माणसाला दारातच दोन कोटी चाळीस लाख सांगण्यात आले.

"किती वर्षं पुरतात म्हणाला तो?" ताईंनी चप्पल काढता काढता विचारलं.

"तीस."

"पन्नासला थांबलात तर ऐंशीपर्यंत. तुमच्या आई शहाऐंशीच्या आहेत. आणि काल दोन पुरणपोळ्या खाल्ल्या त्यांनी."

आकडा त्याच रात्री तीन कोटी वीस लाखांवर गेला.

त्यानंतरच्या एका रविवारी मी तिथे जेवायला होतो, तेव्हा खर्चाची छाननी झाली. साडूंच्या लॅपटॉपवर 'निवृत्ती_फायनल_नवीन_खरं_फायनल' नावाची फाईल आहे. त्यात वीस-बावीस रांगा. किराणा, वीज, गॅस, मोबाइल, पेट्रोल, सोसायटी, औषधं, वगैरे. प्रत्येक रांगेला सहा टक्के महागाई, आणि सगळ्यात खाली 'इतर' : पाच हजार. ताईंकडे वही आहे. बँकेकडून दर जानेवारीला फुकट मिळणाऱ्या जाड डायऱ्यांत त्या लग्नापासूनचा खर्च लिहीत आल्या आहेत. त्यांनी चष्मा लावला आणि मागच्या वर्षाची डायरी उघडली.

"सहा टक्के कशाला लावलेत?"

"सगळ्याला. सरासरी आहे ती."

"हापूसला पण? हापूस कुठल्या वर्षी सहा टक्क्यांनी वाढला सांगा. मेडिक्लेमचा हप्ता? तो तर तुम्ही पन्नास ओलांडलीत तेव्हा उडी मारून गेला. आणि स्वयंपाकाच्या बाईंना सहा टक्के सांगून बघा, मी बाहेरच्या खोलीत थांबते."

मग 'इतर' उघडण्यात आलं. भाच्याच्या लग्नाचा आहेर. पुतण्याची मुंज. गावच्या देवीच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. गीझर. साडूंच्या आईंच्या कवळीचा दुसरा सेट, कारण पहिला त्यांनी रुमालात गुंडाळला आणि रुमाल मशिनमध्ये गेला. दिवाळीत बाई, वॉचमन, कचरेवाला, पेपरवाला आणि लिफ्टवाला (इमारतीला लिफ्ट नाही, पण शेजारच्या इमारतीचा लिफ्टवाला दरवर्षी येतो आणि त्याला नाही कसं म्हणायचं). लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस. गौरी-गणपती. ताई वाचत गेल्या, साडू बेरीज करत गेले, आणि 'इतर'ची महिन्याची सरासरी सत्तावीस हजार निघाली. घरात सगळ्यात मोठा खर्च 'इतर'चा. बेंगेनच्या घरी मुंज नसावी.

आकडा चार कोटींच्या पुढे गेला आणि श्रीखंड तसंच राहिलं. ते मी संपवलं.

पैसे ठेवायचे कुठे, यावर साडूंचा जीव पीपीएफवर. १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत त्यावर बारा टक्के मिळत. एप्रिल २०२० पासून सात पूर्णांक एक. 'बारा टक्के' हे शब्द साडू असे उच्चारतात, की जुनी माणसं बालगंधर्वांचं नावही तसं घेत नसतील. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरले तरच त्या महिन्याचं व्याज, म्हणून चार तारखेला साडूंच्या घरी कुणी आजारी पडत नाही. वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाहीत हे त्यांचं दुःख आहे. बायकोच्या नावाने भरता येतात, पण ताई स्वतःच्या खात्यात स्वतःच भरतात आणि किती भरले ते सांगत नाहीत.

मुदत ठेवींचं पूर्वी सोपं होतं, घराजवळची बँक. मग २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगितलं. बँकेचं मुख्यालय भांडुपला. ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्यात होती ती माणसं भांडुप-मुलुंडच्या शाखांबाहेर उभी असलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यावर विनोद सुचत नाही, मलाही नाही. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचं विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाख झालं, आणि साडूंनी तेव्हापासून एका बँकेत पाच लाखांच्या वर पैसा ठेवायचा नाही असा दंडक घातला. परिणामी त्यांच्याकडे आता नऊ बँकांची पासबुकं आहेत, आणि दर शनिवारी कुठली ना कुठली बँक त्यांना केवायसीसाठी बोलावते. लवकर निवृत्त होण्याचं मुख्य कारण विचारलं तर ते हल्ली सांगतात, "अरे, बँकांची कामं उरकायला वेळच मिळत नाही."

समजा आकडा गाठला आणि साडू उद्या थांबले. तर ते होणार कोण? बावन्नाव्या वर्षी घरी बसलेल्या माणसासाठी आपल्याकडे खणच केलेला नाही. बँकेत ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त व्याज, पण साठीनंतर. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना झकास, २०२३ च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख झाली, तीही साठीनंतर. निवृत्ती घेतली असेल तर पंचावन्नला घुसता येतं, बावन्नला नाहीच. प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन पन्नासनंतर मागता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी तितके वेळा चार टक्के कापून. एसटीत पासष्टनंतर अर्धं तिकीट, पंच्याहत्तरनंतर फुकट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली गेली ती गेलीच. ताईंना मात्र मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, बाई म्हणून. साडूंना सवलत एकच मिळाली : ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. मुलुंडच्या नाक्यावरचे ते पंचेचाळीस रुपये त्यांनी ताबडतोब फाईलमध्ये बचतीच्या रांगेत घातले. गाडी महिन्यातून दोनदा निघते.

आणि लोकांचं काय? मंगळवारी सकाळी अकराला लेंगा घालून दूध आणायला निघालेला बावन्न वर्षांचा माणूस दिसला की सोसायटी आधी तब्येतीची चौकशी करते, मग आवाज खाली आणून नोकरीची. 'आर्थिक स्वातंत्र्य मिळवलंय' असं सांगून सुटका होत नाही. लेकीचं स्थळ बघताना 'वडील काय करतात?' या प्रश्नावर 'काही नाही, म्हणजे मुद्दाम काही नाही' असं उत्तर देणारा बाप अजून या उपनगरांनी पाहिलेला नाही.

मग राहायचं कुठे, हाही प्रश्न येतो, कारण मुलुंड महाग. साडूंचं स्वप्न दापोलीचं : थोडी जागा, चार कलमं, झोपाळा. मे महिन्यात ते जागा बघून आले. एजंट म्हणाला, शेतजमीन आहे, शेतकरी असल्याचा दाखला आणा. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. साडू खचले नाहीत. संगमेश्वर तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित जमीन होती असं आईंच्या बोलण्यात येई. ऑनलाइन सातबारा काढला. जमीन होती. त्यावर एक्केचाळीस नावं होती. आजोबा, आजोबांचे चुलतभाऊ, त्यांच्या लेकी, लेकींचे नातू, बडोद्याला स्थायिक झालेली एक शाखा, आणि दोघं जण जे आईंच्या म्हणण्याप्रमाणे १९७० च्या आधीच गेले. साडूंच्या वाट्याला जे येईल त्यात, त्यांनीच हिशोब केला, एका फणसाची मुंबईकडची बाजू बसेल. पण नाव लागायला हवं, म्हणून ते तलाठ्याकडे खेपा घालू लागले आणि चुलत घराण्यात बातमी फिरली, की मुंबईवाला वाटणी मागायला आला आहे. वीस वर्षं ज्यांनी फोन केला नव्हता ते नातेवाईक आता रोज फोन करतात. दापोलीचा झोपाळा तूर्त फाईलच्या दुसऱ्या पानावर आहे.

पहिल्या पानावर रीडेव्हलपमेंट. उपनगरातल्या पन्नाशीच्या जोडप्यांची खरी निवृत्तियोजना हीच, बाकी म्युच्युअल फंड वगैरे तोंडी लावायला. इमारत १९८४ ची, चोवीस बिऱ्हाडं. नवीन घर मोठं मिळेल, वर बिल्डर रोख कॉर्पस देईल, तोवर भाडंही देईल. ७९अ ची नियमावली, जुलै २०१९ चा शासननिर्णय, एक्कावन्न टक्के संमती हे सगळं इथल्या बायकासुद्धा भाजी निवडता निवडता बोलतात. पहिला बिल्डर २०१३ ला आला होता, तो पेढे देऊन गेला. दुसऱ्याने मॉडेल ठेवलं. ते अजून सोसायटीच्या ऑफिसात आहे, त्यातल्या चिमुकल्या स्विमिंग पुलात सेक्रेटरी टाचण्या ठेवतात. सध्या तिसरा चालू आहे. चोवीसपैकी निदान दहा घरांच्या निवृत्तीच्या तारखा त्याच्या परवानग्यांवर टांगलेल्या, त्यामुळे एजीएमला उपस्थिती शंभर टक्के असते आणि पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ दोन फूट जास्त कार्पेटसाठी अडून बसले, की दहा माणसांना आणखी दोन वर्षं नोकरी करावी लागते.

यातली मेख ताईंनी एकदा दाखवली. साडू म्हणत होते, नव्या घराचे दोन कोटी तरी येतील, म्हणजे आपण मूळचे श्रीमंतच आहोत.

"येतील, पण विकलं तर," ताई म्हणाल्या. "विकून जायचं कुठे?"

"नाशिक. हवा छान."

"आणि आठवड्यातून एक नाटक बघणार म्हणालात कालिदासला, ते नाशिकहून येऊन?"

मुलुंडचं कालिदास नाट्यगृह साडूंच्या निवृत्तीतलं एकमेव ठाम कलम आहे. ते कलम गाळायला त्यांची तयारी नव्हती. आकडा पुन्हा वाढला.

खरोखर लवकर निवृत्त झालेला माणूस त्या इमारतीत एकच आहे, तळमजल्यावरचे काका. एमटीएनएलमध्ये होते. केंद्राने २०१९ च्या शेवटी बीएसएनएल आणि एमटीएनएलमधल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली : झालेल्या प्रत्येक वर्षामागे पस्तीस दिवसांचा पगार, उरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंचवीस दिवसांचा. दोन्ही कंपन्या मिळून ब्याण्णव हजारांहून जास्त माणसं ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात घरी आली. त्यात एमटीएनएलची चौदा हजारांवर. काकांनी एक्सेल उघडलं नव्हतं. "सगळे घेत होते, मी पण घेतली," एवढीच त्यांची अर्थनीती. दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली आणि अख्खी मुंबईच घरी बसली, त्यामुळे घरी बसण्याची सवय काकांना सगळ्यांबरोबर, विनासायास झाली. त्याच मार्चच्या २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात एकोणचाळीसशेच्या वर अंश कोसळला, साडू रात्रभर फोनकडे बघत बसले आणि काका गच्चीत कुंड्या लावत होते. आता त्यांच्या गवती चहावर सगळी इमारत जगते. साडूंना काकांचा मनस्वी राग येतो. प्लॅनिंग न करता निवृत्त होणं त्यांना बेशिस्त वाटतं.

मला विचाराल तर आकडा गाठण्यासाठी नसतोच. तो ऑफिसात साहेब बोलला की मनातल्या मनात उघडून बघण्यासाठी असतो. सातबावन्नच्या लोकलमध्ये कुणाचं तरी कोपर बरगडीत घुसलेलं असताना 'अजून फक्त एक कोटी दहा' असं म्हणता आलं, तर कोपर सहन होतं. गाठला तर उद्यापासून बघायचं काय? म्हणून तो हाताच्या अंतराच्या बोटभर पुढे ठेवावा लागतो, आणि ते काम साडू सतरा-अठरा वर्षं अतिशय चोख करत आले आहेत. हापूस, मुंज, कवळी ही निमित्तं. माझं हे मत साडूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझा आकडा किती?" मी विषय बदलला.

हे असंच चालू राहिलं असतं. पण यंदा मार्च एंडिंग उरकल्यावर एका रविवारी ताईंनी जेवताना सांगितलं, "मी राजीनामा दिला. तीस जून शेवटचा दिवस."

साडूंच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, आकडा अजून फायनल नाही."

"दोघांचा नाही होत फायनल. एकाचा झालाय. तुमची फाईल उघडून मीच बघितलं. एक जण थांबला तर आजही बसतंय, नीट बसतंय."

"मग तो एक मी का नको?"

"मेडिक्लेम तुमच्या ऑफिसचा. आईंचं नाव त्यात आहे. मी कमावते तेवढ्यावर आईंचा नवा मेडिक्लेम कोण देईल, या वयात?"

यावर उत्तर नव्हतं. मग ताईंनी डायरीतून एक कागद काढला. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने सुवर्णरोखे पहिल्यांदा काढले तेव्हा ग्रॅमला २,६८४ रुपये भाव होता. ताईंनी भिशीचे आणि बोनसचे पैसे घालून घेतले होते. साडू तेव्हा 'कागदाचं सोनं कोण घेतं' म्हणून हसले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते ६,१३२ रुपयांनी वटले, मधली आठ वर्षं पावणेतीन टक्के व्याज वेगळं. त्याखाली त्यांचा पीपीएफ, त्यांचा प्रॉव्हिडंट फंड. बेरीज पेन्सिलीने, दोनदा तपासल्याची खूण करून. साडूंनी ती वाचली आणि बराच वेळ भाताकडे बघत राहिले.

"आणि स्वयंपाकाच्या बाई चालूच राहणार," ताई म्हणाल्या. "मी नोकरीतून थांबतेय. त्यांचा पगार 'इतर'मध्ये धरलाय."

जुलैपासून ताई सकाळी तळमजल्यावरच्या काका-काकूंबरोबर फिरायला जातात. बुधवारी दुपारी कालिदासला प्रयोग असला तर बघून येतात आणि साडू घरी आल्यावर गोष्ट सांगतात, शेवटासकट. साडूंची सातबावन्न चालू आहे. ऑफिसात त्यांना यंदा बढती मिळाली, हे त्यांनी जरा पडल्या आवाजात सांगितलं. रात्री त्यांनी नवी फाईल उघडली आहे, फक्त स्वतःच्या निवृत्तीची, आणि या वेळी तिला पासवर्ड टाकला आहे. तो विसरू नये म्हणून ताईंच्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय.